चार पानं एक्सलची, एक ओळ ब्रेकची

हरिभाऊ शेवडे मूळचे साताऱ्याचे. पन्नास साली जयपूरच्या एका सरकारी तंत्रशाळेत शिकवायला म्हणून गेले आणि तिथलेच होऊन राहिले. कोणती वस्तू किती भार सोसते आणि कधी मोडते, हा त्यांचा विषय. त्यामुळे घरात धड वस्तूंपेक्षा मोडक्या जास्त. तुटलेले बोल्ट, दात गेलेले गिअर, चिरलेल्या स्प्रिंगपट्ट्या बापूनगरच्या त्या दोन खोल्यांत खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेल्या असत. पाहुणे आले की कुसुमताई त्यांवर टॉवेल टाकत आणि म्हणत, "यांना सगळं मोडल्यावरच आवडतं. माझं अजून काही मोडलं नाही, म्हणून माझ्याकडे लक्ष नाही."

माणूस मात्र सरळ. स्वतः पाहिल्याशिवाय कशावर सही करायची नाही, हा त्यांचा नेम होता. या नेमाचा त्यांना थोडा गर्वही होता, आणि घात झाला तो त्या नेमानंच.

एकसष्ट सालची गोष्ट. आग्रा रस्त्यावर घाट की गूणीचा चढ चढताना एका खाजगी बसचा मागचा डावा एक्सल तुटला. एक्सल म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा. मोठा आवाज झाला, इंजिन नुसतंच घरघरायला लागलं आणि बस थांबली. ड्रायव्हर भंवरलालनं पायाचा ब्रेक दाबून गाडी धरली, हँडब्रेक ओढला आणि काय मोडलं ते पाहायला खाली उतरू लागला. एक पाय पायरीवर असतानाच गाडी मागे सरकली. तो पुन्हा आत चढेपर्यंत मागच्या उंटगाडीचा चुराडा झाला होता. गाडीवान जागीच गेला.

मालकाचं म्हणणं, ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढलाच नाही. भंवरलालचं म्हणणं, ओढला. त्याचा ड्रायव्हरीचा बिल्ला जमा झाला आणि मोटार परवान्यांच्या कचेरीतून हरिभाऊंना पत्र आलं, की तज्ज्ञ म्हणून गाडी तपासून मत द्यावं.

हरिभाऊ गॅरेजमध्ये पोचले तेव्हा भंवरलाल तिथंच उकिडवा बसून होता. चाळिशीचा, सडपातळ, डोक्याला फेटा. त्यानं उठून हात जोडले. "साब, खींचा था. दोनों हाथ से खींचा था." एवढंच तो तीन-चारदा बोलला. हरिभाऊ म्हणाले, "देखेंगे. जो है सो लिखेंगे."

तुटलेला एक्सल हातात आला आणि हरिभाऊ हरखले. तुटक्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर एकात एक वळी. उरलेला भाग चकचकीत आणि रवाळ. म्हणजे भेग जुनी होती. महिनोन् महिने चुपचाप आत सरकत गेली होती, आणि त्या दिवशी उरलेल्या पोलादाला भार झेपला नाही. कुणीतरी लेथवर दांडा कातताना कोपरा गोल न ठेवता काटकोनी ठेवला होता. भेग तिथूनच निघाली होती. यावर त्यांनी चार पानं लिहिली, आकृत्यांसकट. कुसुमताईंना वाचूनही दाखवली. बिचाऱ्यांनी ऐकली.

राहिला हँडब्रेक. मिस्त्री म्हणाला, इथंच ओढून बघा. हरिभाऊंना ते पटेना. उभ्या गाडीचा ब्रेक तपासणं म्हणजे बसल्या जागी पोहायला शिकणं. त्यांनी हुकूम सोडला, की आधी नवा एक्सल बसवा, गाडीत माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरा आणि त्याच चढावर चला. दोन दिवसांनी तसंच झालं. हरिभाऊंनी स्वतः हँडब्रेक ओढला, पायाचा सोडला. गाडी तसूभर हलली नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. भंवरलाल रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होता. तिसऱ्या वेळेनंतर त्यानं खाली पाहिलं.

चार पानांखाली हरिभाऊंनी एक ओळ लिहिली: हँडब्रेक पूर्णपणे कार्यक्षम आढळला. खाली सही. त्या एका ओळीवर भंवरलालचा बिल्ला कायमचा गेला. हरिभाऊंना वाईट वाटलं, पण त्यात गोंधळ नव्हता. माणूस खोटं बोलला असेल, भीतीनं बोलतात.

चार महिने गेले. वर्गात त्या दिवशी डिफरन्शियलचा धडा होता. मोटारीची मागची दोन चाकं, मधे गिअरांचा डबा आणि डब्यात येणारा इंजिनाकडचा दांडा, असं लाकडी स्टँडवरचं मॉडेल हरिभाऊ अकरा वर्षं दाखवत आले होते. एका हातानं त्यांनी तो मधला दांडा घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं डावं चाक फिरवलं. उजवं चाक उलट फिरलं. पोरं नेहमीप्रमाणे हसली. हरिभाऊ नेहमीचं वाक्य बोलू लागले, "मतलब, यह डंडा रोक लो, तो भी..." आणि थांबले.

त्या बसचा हँडब्रेक चाकांवर नव्हता. गिअरबॉक्सच्या मागे, याच मधल्या दांड्यावर होता. तो दांडा धरून गाडी धरायची, तर दोन्ही एक्सल शाबूत हवेत. एक तुटला, की त्या बाजूचा गिअर मोकळा फिरतो आणि दुसरं चाकही सुटतं. ब्रेक दांडा घट्ट धरून बसतो आणि गाडी खुशाल मागे जाते. आणि हरिभाऊंनी तर नवा एक्सल बसवून ब्रेक तपासला होता. स्वतः हुकूम देऊन.

वर्ग त्यांनी सोडून दिला. घरी येऊन कट्ट्यासमोर बसून राहिले. ठाऊक नसतं तर एक वेळ ठीक होतं. ठाऊक होतं, अकरा वर्षं शिकवत होतो, मग दिसलं कसं नाही? त्यांना खरोखर कळेना. एक्सल का मोडला हे पाहण्यात ते इतके रमले, की तो मोडल्यामुळे आणखी काय निकामी झालं हे विचारायचंच राहिलं.

"अहो, मग लिहा ना तसं," कुसुमताई म्हणाल्या. "चुकलं म्हणून लिहा."

त्यांनी लिहिलं. कचेरीतला अधिकारी चक्रावला. एकाच तज्ज्ञाची दोन मतं, दोन्ही सहीनिशी, धरायचं कुठलं? हरिभाऊ मॉडेल खांद्यावर घेऊन कचेरीत गेले, टेबलावर ठेवलं आणि चाक त्यालाच फिरवायला लावलं. दीड महिन्यानं बिल्ला परत देण्याचा हुकूम निघाला. तो कागद मागून घेऊन हरिभाऊ भंवरलालकडे निघाले. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.

गलता गेटाबाहेर एका खोलीत तो राहत होता. आता एका लाकडाच्या वखारीत फळ्या उचलायचा. त्यानं हुकूम दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि परत पुढे केला.

"साब, मैंने खींचा नहीं था."

हरिभाऊंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी सगळं समजावलं, दांडा, गिअर, मोकळं चाक. भंवरलालनं मान डोलवत ऐकून घेतलं.

"आप उस दिन भी सच्चे थे, आज भी सच्चे होंगे. पर मुझे याद है. हाथ उधर गया ही नहीं. पहले लगता था गया. आपने तीन बार करके दिखाया, गाड़ी हिली नहीं. फिर मैं रोज़ सोचता रहा. अब साफ़ दिखता है कि नहीं गया."

"भंवरलालजी, आपका हाथ गया था. मैं बोल रहा हूँ ना."

"मैं उस गाड़ीवान के घर गया था साब. उसकी घरवाली के पैर पकड़े. कहा, मेरी गलती से गया. बहुत दिन बाद उसने कहा, जा, माफ़ किया." त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब न लागणाऱ्या माणसाची दमणूक होती. "अब आप कहते हैं गलती मेरी थी ही नहीं. तो उसने माफ़ किसको किया?"

पोलाद कुठं, किती भाराला आणि का मोडतं, हे हरिभाऊ आकृती काढून सांगू शकले असते. हुकूम त्यांनी खाटेवर ठेवला आणि त्या बाईच्या घराचा पत्ता विचारला. भंवरलालनं सांगितला, रामगंजच्या पुढे, तिसरी गल्ली. ते पायीच निघाले. तिथं जाऊन नेमकं काय बोलायचं, हे त्यांना पोचेपर्यंत सुचलं नाही.