बाबांचं मीठ कोणी बंद केलं?

मंडळी, दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालता घालता लिहून राहिलो. एका जागी बसवतच नाही.

बाबांच्या मेंदूभोवती रक्तस्राव झाला म्हणून त्यांना तिवस्याहून अमरावतीला आणलंय. कालपर्यंत चांगले बोलत होते. आज सकाळी मलाच विचारतात, "तुमी कोन्या गावचे, भाऊ?"

मी धावतच डॉक्टरबाईंना गाठलं. वाटलं, पुन्हा रक्त सांडलं. पण स्कॅन होता तसाच निघाला. घसरलं होतं रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ.

मोठीआई, म्हणजे माझी मोठी काकू, डबा घेऊन उभी होती. ती एकदम रडवेली झाली. "प्रेशरनं नस फुटली म्हणून म्या तं त्याचं मीठच बंद केलं!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "डब्यामुळं नाही झालं हे. अशा रक्तस्रावानंतर हार्मोनचं गणित बिघडतं. मग अंगात पाणी साचतं, नाहीतर लघवीतून मीठ वाहून जातं. दोन्हींचे उपाय उलटे. म्हणून मीठ असो की पाणी, आपल्या मनानं काहीच कमीजास्त करू नका."

तपासण्या झाल्या, जास्त मिठाचं सलाईन हळूहळू सुरू झालं.

दुपारी नर्सबाईंना विचारून मोठीआईनं वरणभाताचा घास भरवला. बाबांनी तोंड वाकडं केलं. "वहिनी, अळणी काहून केलं वो?"

वहिनी ओळखू आली! मोठीआई रडता रडता हसली.

बीपी म्हटलं की मिठाची बरणी लपवणारं तुमच्याही घरात कोणी आहे का? आधी डॉक्टरले विचारा, बाप्पा.

संध्याकाळचा रिपोर्ट यायचाय. मला बाबा अजून 'भाऊ'च म्हणून राहिले. सांगा, कसा बसू?