डेप्रिकेटेड म्हंजी काय, पाव्हणं?

ज्या गोष्टीचा माझ्या साडूंना राग येत नाही, अशी गोष्ट सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अजून निर्माण व्हायची आहे. आणि राग म्हणजे तुमचा-आमचा, वरणात मीठ कमी पडल्यावर येणारा किरकोळ राग नव्हे. साडूंचा राग उभा राहून येतो. बसलेला माणूस ताडकन उठतो, शर्ट खाली ओढतो आणि समोर जो असेल त्याला जाब विचारतो. तासगावच्या एका लग्नात पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं छापलं होतं आणि मांडवाच्या दारात आहेर लिहून घ्यायला टेबल मांडलं होतं. साडूंनी वरबापाला अक्षतांच्या आधी गाठून विचारलं, “ह्यातलं खरं कुठलं?” गाडीला उशीर झाला की मिरज स्टेशनावर जी बाई ‘आम्हाला खेद आहे’ म्हणते, तिच्या आवाजात खेद अजिबात नसतो, अशी लेखी तक्रारही त्यांच्या नावावर जमा आहे.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. मूळचे वडूजकडचे, फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशाच्या तुकडीत होते. निवृत्तीनंतर कोणी ऊस लावतो, कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. हे सांगलीत माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात येऊन बसले. मी दुकानांना, दवाखान्यांना सॉफ्टवेअर करून देतो. “पाव्हणं, मला बी शिकवा,” म्हणाले. शिकले तेही रागारागानंच. प्रोग्रॅम अडला की स्क्रीनकडे बघून “का रं, मस्ती आली व्हय?” असं दरडावायचे, आणि खोटं कशाला सांगू, पुष्कळदा तो चालायचा.

त्यांनी स्वतः केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे रक्तदात्यांची साइट. त्याचंही मूळ रागातच. त्यांच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी रक्त मागायचं आणि ती हाक गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जायची. “मानूस तिकडं मराय लागलाय आन ही गुलाबं पाठवत्यात!” म्हणून त्यांनी दोन्ही जिल्ह्यांतले दाते गोळा केले आणि गाव व रक्तगट टाकला की नावं समोर येतील अशी सोय केली. नावं शोधून देणारं सर्च इंजिन दूरच्या एका सर्व्हरवर होतं. आमचा प्रोग्रॅम आणि ते इंजिन यांच्यात बोलणं घडवून आणणारा तयार कोड मिळतो, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. साडू त्याला वायरलेस सेट म्हणत. हा सेट त्यांना फार आवडे. “एकदा लावला, पुन्हा हात लावाय लागला न्हाई. ह्याला म्हनायचं डिसिप्लिन.”

आणि एके सकाळी त्या लायब्ररीच्या पानावर सूचना झळकली की ती आता डेप्रिकेटेड आहे. पाठोपाठ सर्व्हरवाल्यांचं पत्र आलं: महिनाअखेरीस इंजिनाची नवी आवृत्ती बसेल, तिच्याशी जुनी लायब्ररी बोलू शकणार नाही, इंजिनवाल्यांनी स्वतः काढलेली नवी वापरावी.

साडू उठले. शर्ट खाली ओढला. “डेप्रिकेटेड म्हंजी काय, पाव्हणं?”

“म्हणजे अजून चालते, पण वापरू नका.”

“चालतीय तर का वापरू नगं?”

“पुढं तिच्याकडं कोणी बघणार नाही, दादा.”

“आमच्याकडं असं नसतंय! मानूस रिटायर झाला तर हार घालत्यात, जेवन देत्यात, पेन्शन देत्यात. हे काय? मेला बी न्हाई आन जिता बी न्हाई, नुसता भिंतीला उभा केलाय!”

त्यांनी लढाई पुकारली. लायब्ररीच्या पानावर तक्रारी लिहायची जागा होती. तिथं ते रोज जेवणाआधी एक पत्र इंग्रजीत लिहीत आणि खाली हुद्द्यासकट सही करीत. ‘आपला निर्णय बेजबाबदार आहे.’ ‘सैनिक आपली चौकी अशी सोडत नाही.’ ‘चोवीस तासांत खुलासा करावा.’ पलीकडून कोणीतरी तक्रार बंद करी. हे नवी उघडत. कुठल्यातरी परदेशी कंपनीत काचेच्या इमारतीत शंभर इंजिनिअर आपल्याला हसत बसलेत, अशी त्यांची खात्री होती आणि त्या शंभरांनाही एकेक करून उभं करायची त्यांची तयारी होती.

शेवटी उत्तर आलं. ते एकाच माणसाचं होतं. त्यानं लिहिलं होतं की शंभर वगैरे कोणी नाही. ही लायब्ररी मी नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, विनामोबदला एकटाच सांभाळत आलो. आता आई अंथरुणाला खिळली आहे, घरात लहान मूल आहे. जमत नाही. माफ करा.

साडूंनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता विरघळतील. छे! राग होता तेवढाच राहिला, फक्त त्यानं तोंड फिरवलं. “एकला मानूस! एवढ्या कंपन्या त्याच्या जिवावर दुकानं चालवत्यात आन एकानं बी म्हनलं न्हाई, की गड्या, तू आईपाशी बस, ड्यूटी आमी करतो? लाज वाटाय पायजे!” हे ते मलाच सुनावत होते, आणि मला थोडी वाटलीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निमूट नवी लायब्ररी घेतली. निमूट म्हणजे त्यांच्या मानानं. जुनीत एका ओळीत होणारं काम नवीत पाच ओळी मागे, आणि प्रत्येक ओळीला साडूंची एक शिवी लागे. काम पुरं झाल्यावर मी म्हणालो, “दादा, आता जुनी काढून टाका.” त्यांनी ठाम नकार दिला. “नवा गडी आला म्हनून जुना लगेच उतरत न्हाई चौकीवरनं. दोघं संगं उभं ऱ्हायत्यात.” म्हणून नवी साइट लोकांसाठी खुली झाली आणि जुनी त्यांच्या टेबलावर चालू राहिली.

साइट खुली झाली त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. मिरजेच्या दवाखान्यातून एक बाई बोलत होत्या, कराडजवळच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचं ऑपरेशन होतं आणि रक्तगट होता एबी निगेटिव्ह. “आवं, तुमच्या साइटीवर कराडचा एक बी मानूस न्हाई. आमी कुनाकडं जायाचं?” साडूंनी जुन्या स्क्रीनवर तेच टाकलं. पटकन तीन नावं आली. तिघांनीही गावाचं नाव ‘कऱ्हाड’ असं लिहिलं होतं.

कराड आणि कऱ्हाड एकच, ही सूचना जुना कोड प्रत्येक शोधाबरोबर इंजिनाला देत असे. नव्या लायब्ररीत ती वेगळ्या नावानं द्यावी लागते, आणि साडूंच्या हातून ती राहून गेली होती. त्यांनी तिघांनाही फोन लावले. दुसऱ्यानं उचलला आणि लगेच गाडी काढली. संध्याकाळी तो मिरजेत पोचल्याचा बाईंचा फोन येईपर्यंत साडू खुर्चीला टेकले नाहीत. त्या दिवशी जाब विचारायला समोर ते स्वतःच होते, आणि त्यांनी स्वतःला अजिबात सोडलं नाही. मग ती ओळ घातली, विटा-विटे, वडूज-वडुज अशी सगळी गावं दोन्ही स्क्रीनवर ताडून पाहिली. ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं तेव्हाच जेवले.

महिनाअखेरीस इंजिन बदललं. जुन्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली आणि ती लायब्ररी थांबली. साडू म्हणाले, “त्या पोराला कळवाय पायजे. त्याच्या सेटनं जाता जाता एक मानूस वाचवला म्हनून.” ते पान उघडलं, तर वर पट्टी होती: हे काम आता बंद आहे, वाचता येईल, नवं काही लिहिता येणार नाही. खाली साडूंची सगळी पत्रं मात्र शाबूत होती, एकाखाली एक, हुद्द्यासकट.

“हे पुसता येतं का?”

“नाही, दादा.”

“मंग त्याला वाटत ऱ्हानार, ह्या मानसानं नुसत्या शिव्याच घातल्या.”

त्याचा दुसरा कुठलाच पत्ता मला मिळाला नाही. पानाच्या तळाशी त्याचं नाव होतं, लांबलचक, परक्या वळणाचं. साडूंनी ते अक्षरं लावत दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिलं आणि यातलं बरोबर कुठलं, असं हलक्या आवाजात मला विचारलं. मलाही ते ठाऊक नव्हतं.