चार फुटांचं मिठागर

रोह्याच्या माझ्या खोलीत एका भिंतीला चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळी आहे. घर घेतलं तेव्हा ती टीव्हीसाठी ठोकून घेतली होती. बायको दोन वर्षांत माहेरी गेली ती परत आली नाही. टीव्ही तिच्या माहेरचा होता, तो नंतर तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. रीतसर कागद झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फळी तेवढी राहिली.

मी धाटावला एका केमिकल कंपनीत नोकरी करतो. टाक्यांवरची प्रेशर आणि तापमान दाखवणारी मीटरं बरोबर आहेत की नाहीत ते तपासायचं, हे माझं काम. शिफ्ट असली की माणसं भेटतात. सुट्टीच्या दिवशी मात्र असं व्हायचं, की संध्याकाळी दुधाची पिशवी मागायला दुकानात तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा आणि लक्षात यायचं, आज सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही.

फळीवर रेल्वे करायची कल्पना मोबाईलवर एक व्हिडिओ बघून सुचली. परदेशातल्या कुणीतरी पुस्तकांच्या कपाटाच्या एका खणात छोटी गाडी फिरवली होती. मग मी वाचत गेलो. मोठ्या रेल्वेचं मॉडेल करायचं तर नुसत्या वळणालाच माझी खोली पुरली नसती. पण वीटभट्टीवर, खाणीत, साखर कारखान्यात ज्या अरुंद रुळांच्या गाड्या असत, त्यांची इंजिनं काडेपेटीएवढी होतात आणि त्या वीतभर जागेत वळतात. खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर धरायचे. मग रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर, आणि पाच फुटी माणूस दोन सेंटीमीटर.

कुठली लाइन करायची, याचा मला विचार करावा लागला नाही. आमचं गाव पेणच्या आतल्या अंगाला, भाताचं आणि वालाचं. पावसाळ्यापूर्वी वर्षाचं मीठ भरायला वडील खाडीकडे बैलगाडी घेऊन जायचे. एकदा मला नेलं होतं, सहासात वर्षांचा असेन. मला गाडीतच बसवून ते मीठ मोजून घ्यायला गेले. समोर पांढऱ्या राशी होत्या आणि त्यांच्यामधून बारीक रूळ गेले होते. रुळांवरून लोखंडी डबे येत होते, जात होते. मला ती इतकी सुंदर खेळणी वाटली, की घरी आल्यावर कितीतरी दिवस मी काड्यापेट्या दोऱ्याने ओढत होतो.

ते मिठागर मी फळीवर करायला घेतलं. वर्षभर चाललं. आधी राशींना खरंच मीठ वापरलं. जुलैत हवेतल्या ओलीने त्याला पाणी सुटलं आणि रूळ गंजले, तेव्हा सगळं खरवडून काढलं आणि राशी पांढऱ्या रांगोळीच्या केल्या. कोंड्यांना, म्हणजे मीठ पिकवायच्या पाण्याच्या उथळ वाफ्यांना, व्हार्निशचे थरावर थर दिले. पत्रा कापून सहा डबे केले. जपानी बनावटीची एक छोटी मोटर मागवून तिच्यावर डिझेल इंजिन बसवलं. माणूस एकही केला नाही. माणसं मला जमत नव्हती.

माझी धाकटी बहीण पेणला रामवाडीत राहते, शाळेत शिकवते. ती एकदा आली आणि फळीपुढे कितीतरी वेळ उभी राहिली.

"दादा, आमच्या शाळेत प्रदर्शन आहे. घेऊन ये ना हे."

"पोरं तोडतील."

"मी उभी राहते शेजारी. एकटाच किती दिवस बघत बसणार?"

मी मिठागर भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि सकाळच्या गाडीने मांडीवर घेऊन पेणला गेलो. शाळेत मला खिडकीजवळचं टेबल दिलं. पहिला अर्धा तास इंजिन चाललं. मग रुळावर धूळ बसली आणि ते जागीच गुरगुरायला लागलं. मुलं पलीकडच्या टेबलावर गेली, तिथे ज्वालामुखीतून फेस येत होता. बहिणीला कुणीतरी बोलावलं. मी कापसाच्या बोळ्याने रूळ पुसत राहिलो.

तेव्हा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत आल्या. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. टेबलाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "मिठागर हाय ह्ये."

त्या दिवशी हे ओळखणारं ते पहिलंच माणूस होतं.

"तुम्ही पाहिलंय?" मी विचारलं.

"पाह्यलंय? लगीन व्हायच्या आधीपासनं राबलेय मी मिठागरात." त्यांनी इंजिनाकडे बोट केलं. "ह्ये काय?"

"इंजिन."

"इंजान कुठलं आलं? आमी ढकलायचो. एका ट्रालीला दोन बाया."

मग त्यांनी एकेक चूक दाखवायला सुरुवात केली. माझी लाइन सपाट होती. खरी लाइन कोंडीपासून बांधावर चढत जायची, भरलेली ट्रॉली वर ढकलायची आणि रिकामी आपसूक खाली सुटायची, तिला मागून दोरीने धरावं लागायचं. माझे रूळ पक्के ठोकलेले होते. खरे रूळ एक कोंडी रिकामी झाली की उचलून दुसरीकडे टाकायचे. मी खिशातल्या तिकिटाच्या मागे हे लिहून घेत होतो. त्यांना त्याचं हसू आलं.

"लिवतोस काय? ये एकदा घरी, सांगते."

त्या पेण-रोहा लाइनीवरच्या कासूला राहायच्या, गाडीने रोज पेणला यायच्या. नवरा जाऊन दहाबारा वर्षं झाली होती. मुलगा उरणला कामाला होता, बिऱ्हाड तिकडेच. पुढच्या रविवारी मी कासूला उतरलो. जाताना बिस्किटं घेऊन गेलो, कारण काय न्यावं ते सुचलं नाही. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. मी खात होतो आणि त्या बोलत होत्या.

त्या थंडीत मी बहुतेक सगळे मोकळे रविवार कासूला काढले. शुक्रवारपासूनच मनात प्रश्न जमवायचो. ट्रॉलीची कडी कुठल्या बाजूला? डबा उलटायचा की मीठ पाट्यांनी काढायचं? त्या सांगायच्या, आणि प्रश्नाबाहेरचंही सांगायच्या. पायाला मिठाने चिरा पडायच्या म्हणून चिंध्या बांधायच्या. संध्याकाळी त्या सोडल्या की आधी गोड्या पाण्याने पाय धुवायचे, मग खोबरेल चोळायचं, आणि तेल लागलं की रडूच यायचं. जोडीला त्यांची एक मैत्रीण असायची. ती डाव्या बाजूने ढकलायची, या उजव्या. हे सगळं मी वहीत उतरवलं. पायांचंही उतरवलं.

खरं सांगायचं तर मला मिठागरापेक्षा त्या घरचं बसणं आवडायला लागलं होतं. कुणीतरी "आलास व्हय" म्हणतं आणि पाट सरकवतं, एवढंच. परतीच्या गाडीत मी त्यांचे शब्द मनातल्या मनात पुन्हा बोलून बघायचो.

इंजिन काढून टाकलं. लाइन उखडली आणि चढाची केली. आता ट्रॉली चालवायची कशी? फळीच्या खाली सावकाश फिरणारी मोटर बसवली, तिला दोरा, दोऱ्याला लोहचुंबक. वर ट्रॉलीच्या तळाशी दुसरं चुंबक. दोरा ओढला की ट्रॉली बांधावर चढायची, टोकाला थांबायची आणि खाली यायची. आणि ढकलणाऱ्या दोघी मी केल्या. तांब्याच्या तारेला पुट्टी लावून, भिंगाखाली. पंधराएक बिघडल्या. शेवटच्या दोन जमल्या. उजवीकडच्या बाईला काष्ट्याचं निळं लुगडं, डोक्याला फडकं, पायांना चिंध्या. चिंध्या म्हणजे पांढऱ्या रंगाचे चार ठिपके. तिच्या पाठीचा बाक हुबेहूब आला होता. महिनाभर मी कासूला गेलो नाही, कारण मला तयार झाल्यावरच सांगायचं होतं.

मार्चमध्ये मावशी रोह्याला नात्यातल्या एका लग्नाला येणार होत्या. मी बहिणीकडून निरोप धाडला, जेवण झालं की घरी या. मी दुपारी त्यांना घ्यायला गेलो. खोली झाडली होती, कांदेपोहे करून ठेवले होते. त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि फळीपुढच्या खुर्चीवर बसल्या. मी बटण दाबलं.

ट्रॉली चढायला लागली. दोघी ढकलत वर गेल्या. टोकाला थांबल्या, खाली आल्या, पुन्हा वर निघाल्या. मी मावशींच्या तोंडाकडे बघत होतो. त्या हसतील, टाळी वाजवतील, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. तिसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, "किती येळ चालतं ह्ये?"

"बटण बंद करेपर्यंत."

"मंग बंद कर."

मी बंद केलं. दोघी चढाच्या मध्यावर थांबल्या.

"ती निळ्या लुगड्याची, ती मी हाय नं?"

"व्हय." मी त्यांच्यासारखंच बोललो.

"चांगली केलीस. हात चांगला हाय तुझा." मग फळीकडे बोट करून म्हणाल्या, "पन मला काढ तिथनं."

मला वाटलं, काही चुकलंय. लुगड्याचा रंग, उंची. मी तसं विचारलं.

"चुकलं नाय रं काय. तिथनं सुटायला माझं अर्धं आयुष्य गेलं. पोराला नोकरी लागली तवा सुटले. आता परत तू मला उन्हात उभी केलीस, आनि ती खाली येते की परत वर, खाली की परत वर." त्यांनी हाताने तशी खूण केली. आवाजात राग नव्हता. "तुला बघायला गोड वाटत आसंल. तू गाडीत बसून बघितलं व्हतंस."

बैलगाडीची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, पहिल्याच रविवारी, कौतुकाने.

"आणि दुसरी?" मी विचारलं.

"तिलाबी काढ. ती तर बिचारी तिथंच गेली."

मैत्रीण मिठागरात वारली, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. इतक्या रविवारांत मी कधी विचारलंही नव्हतं. कडी कुठल्या बाजूला होती ते विचारलं होतं.

त्यांनी पोहे खाल्ले, चव चांगली आहे म्हणाल्या. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावर त्या लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत राहिल्या, मी अवघडू नये म्हणून. घरी आल्यावर मी पातळ ब्लेडने दोघींना ट्रॉलीपासून सोडवलं. त्यांचे पाय ट्रॉलीमागच्या बारीक पट्टीवर डिंकाने चिकटवलेले होते. निळ्या लुगड्यावालीचा एक पाय घोट्यात तुटला.

पुढच्या रविवारी मी कासूला गेलो नाही. लाज वाटत होती. त्याच्या पुढच्या रविवारी शिफ्ट होती, म्हणजे मी ती मागून घेतली. मग शाळेला सुट्टी लागली. जूनमध्ये धीर करून उतरलो तर घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, "गुडघं धरलं गो तिचं... धरलं हो. पोरगा न्यायला आलेला. आता उरणलाच." मला 'गो' म्हटल्यावर ती गोंधळली होती, बायकांशीच बोलायची सवय असावी.

बहिणीने शाळेतून मुलाचा नंबर मिळवून दिला, पत्ता कळला. दिवाळीच्या सुट्टीत मी पेणहून उरणची एसटी धरली. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्या मैत्रिणीबद्दल विचारायचं, ती कशी होती, कशाने गेली. आणि आपलं चुकलं असं सरळ म्हणायचं.

मावशी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाल सोलत बसल्या होत्या. अंगावर मांस चढलं होतं, बरं वाटलं बघून. नात मांडीवर लोळत होती. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. मला बघून त्या खूश झाल्या आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "अगो, चा टाक. शालंत खेळन्यातली गाडी घेऊन आलेला नाय का, तो हाय ह्यो."

मी चहा प्यायलो. नात मध्येमध्ये त्यांच्या तोंडावर हात ठेवायची आणि त्या बोलणं तोडून तिच्याशी बोलायच्या. अर्धा तास बसलो असेन. मैत्रिणीचं विचारायला जागाच सापडली नाही, आणि सापडली असती तरी त्या भरल्या घरात मला ते विचारवलं नसतं. माफी मागायची तर कशाची, याची त्यांना आठवण करून द्यावी लागली असती.

निघताना त्यांनी डब्यातले कोरडे वाल पिशवीत घालून दिले. "एकटा हायस, बिरडं करून खा. येत जा कवातरी," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

पेणला बहीण जेवायला थांब म्हणत होती. मी नको म्हटलं, संध्याकाळची गाडी गाठली. वाटेत कासू आलं, दोन मिनिटं गाडी थांबली, चारपाच माणसं उतरली. खोलीवर आल्यावर वाल भिजत घातले आणि पहाटेच्या शिफ्टसाठी गजर लावला.