पुसता न येणारं उत्तर

कापूस उत्पादकांच्या त्या वेबसाइटवर मी सहा वर्षं ‘भाऊ’ होते. दोष माझाच. खातं उघडताना मी आमच्या ह्यांचा ईमेल दिला आणि फोटोच्या जागी बैलजोडी लावली. हे मेहकरला नोकरीला, त्यामुळे सुलतानपूरची शेती माझ्याकडे. तिथले सभासद ‘भाऊ, डीएपी खत दिलं का?’ असं विचारायचे आणि मी ‘दिलं’ एवढंच लिहून मोकळी व्हायचे. क्रियापदात बाई दिसणार नाही अशी वाक्यं करायला मी तिथेच शिकले.

त्या वेबसाइटचा सगळा जीव वरच्या कोपऱ्यातल्या ‘शोधा’ लिहिलेल्या चौकटीत होता. बीटी कपाशी आमच्याकडे आली तेव्हापासूनचं ज्ञान आणि भांडणं तिथे साठलेली होती. ‘लाल्या’ लिहिलं की पानं लाल पडण्यावरचे जुने वाद एकाखाली एक उघडायचे. त्यात साखरखेर्ड्याच्या एका म्हाताऱ्या सभासदांची उत्तरं मी आवर्जून वाचायचे. त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं आणि थोडी शेतीही होती. लिहायचे लांबलचक, पण वाचताना समोर बसून बोलल्यासारखं वाटायचं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

एकदा मी विचारलं होतं की शेवटच्या वेचणीनंतर कपाशी उपटावी की ठेवावी. चाचांनी ‘ठेवा’ म्हणून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं, असं सविस्तर लिहिलं. त्या वर्षी विहिरीला पाणी नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं. मी ते कुठे उतरवून घेतलं नाही. चौकट होती ना.

मग एका पावसाळ्यात वेबसाइट ‘नव्या रूपात’ आली. मोठे मोठे फोटो, निळा रंग, आणि ‘शोधा’ गायब. सभासदांच्या सोयीसाठी बदल केले आहेत, असं चालकांनी कळवलं. खासगी निरोप पाठवायची सोयही गेली. आपलं जुनं लिखाण दुरुस्त करायचं बटण गेलं, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी कधी काही दुरुस्त केलंच नव्हतं.

नवरात्राच्या सुमारास मी एक हिरवं बोंड सहज दाताखाली फोडलं आणि आत गुलाबी अळी निघाली. दुसरं फोडलं, त्यातही. बोंडअळी लागत नाही म्हणून तर बीटीचं बियाणं घ्यायचं. पण त्या वर्षी वावरागणिक तेच. आमच्या शेजाऱ्याने उभ्या कपाशीत ढोरं सोडली. मी हिशेब केला की पहिली बोंडं गेली तर गेली, पाणी देऊन मागून येणारा बहर तरी घ्यावा. त्यासाठी चाचांचं ते उत्तर हवं होतं.

‘आणखी दाखवा’, ‘आणखी दाखवा’ असं दाबत मी मागे जायला लागले. आठ-दहा महिने मागे गेलं की फोन अडकायचा आणि पान पुन्हा आजच्या तारखेवर यायचं. चौकट परत आणा म्हणून मी चालकांना दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे’ एवढंच आलं. तिसऱ्या वेळी लिहिण्याऐवजी मी मेहकरला जाऊन साखरखेर्ड्याची बस पकडली.

स्टँडवर गाद्यावाले चाचा विचारल्यावर पहिल्याच माणसाने दुकान दाखवलं. चाचा गादीत कापूस भरत होते, भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले. मी म्हणाले, “चाचा, मी वेबसाइटवरची बैलजोडी, सुलतानपूरची.”

त्यांनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं. “तू? अन् म्या तुले गडी समजून फवारणीवरून किती रागावलो होतो.”

रागावले होते खरे. त्यांनी चहा मागवला आणि मी कामाचं बोलले. ते जुनं उत्तर हवंय, कपाशी पुढे ठेवायची आहे. चाचा बराच वेळ हातातली सुई गादीत खोचत आणि काढत राहिले.

“ते उत्तर म्या बी शोधून राह्यलो, बेटी,” ते म्हणाले. “पुसाले.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. डिसेंबरनंतरही पाणी देऊन कपाशी ठेवायची, म्हणजे फरदड घ्यायची, हे ते वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. स्वतः घेतही आले. आता कृषी सहायकाने गावात येऊन सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत उभ्या राहिलेल्या त्याच कपाशीवर ही अळी जगते आणि पुढच्या हंगामावर येते. चाचा घरी येऊन दुरुस्ती करायला बसले, तर बटणच नव्हतं. लोक आपल्या भरवशावर अजून ते वाचत असतील, या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं.

चौकट जाग्यावर असती तर ते उत्तर मी बिनदिक्कत अमलात आणलं असतं.

आम्ही दोन फोन घेऊन गादीवरच बसलो. एक अडकला की दुसऱ्यावर शोधायचं; आठ-दहा महिन्यांपलीकडचं दोन्हींवर उघडेना. जिथे जिथे चाचांचं जुनं उत्तर दिसलं तिथे ते सांगत गेले आणि मी त्यांच्या खात्यावरून टाइप केलं: हे माझं चुकलेलं आहे, फरदड घेऊ नका, डिसेंबरात कपाशी उपटा, उपटलेल्या झाडांच्या पऱ्हाट्या वावरात रचून ठेवू नका. आमच्या ध्यानात नव्हतं की जुन्या चर्चेत नवं काही लिहिलं की ती पहिल्या पानावर येते. दुपारपर्यंत पहिल्या पानावर चाचांशिवाय कुणी उरलं नाही. सभासद वैतागले. एकाने तर वरचं जुनं उत्तरच वाचून ‘छान माहिती, यंदा फरदड घेतो’ असं लिहिलं. आणि चहाचा तिसरा कप येईपर्यंत चालकांनी चाचांचं खातं बंद केलं. कारण दिलं, तोच मजकूर वारंवार टाकणे.

“मले काढलं?” चाचा हळूच म्हणाले.

मी माझ्या बैलजोडीच्या खात्यावर गेले आणि सरळ लिहिलं: मी सुलतानपूरची शेतकरीण आहे. मी चाचांच्या दुकानात बसले आहे. त्यांना स्वतःची चूक दुरुस्त करायची आहे आणि तुम्ही ती सोयच काढून टाकली आहे.

मग उत्तरं यायला लागली. अर्धी मी बाई निघाल्याबद्दल, अर्धी फरदडीबद्दल. परतीच्या बसमध्ये होते तेव्हा खात्यावरच्या नंबरवर वेबसाइटच्या चालकांचा फोन आला. ‘चालक’ म्हणजे पुण्यातला एकटा माणूस होता, नोकरी सांभाळून हे करणारा. नवं रूप त्याने आयतं घेतलेलं, त्यामुळे चौकट परत आणणं त्याच्या हातात नव्हतं, बटणही नव्हतं. पण चाचांचं खातं त्याने उघडलं आणि त्यांची दुरुस्ती पहिल्या पानाच्या माथ्यावर लावून टाकली. महिनाभर ती तिथून हलली नाही.

डिसेंबरात ह्यांनी रजा काढली आणि आम्ही कपाशी उपटली. निम्म्याहून जास्त गेलीच होती. पऱ्हाट्या वावराबाहेर नेल्या आणि विहिरीच्या पाण्यावर भुईमूग टाकला. गावात काहींनी उपटली, काहींनी ठेवली.

भुईमूग फुलावर असताना चाचा बघायला आले. बांधावरून दोन चकरा मारल्या, माती हातात घेतली, पाणी दोन दिवस उशिरा दे म्हणाले. मी म्हटलं, हे वेबसाइटवर लिहा ना, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

“आधी शेंगा तर निंघू दे,” चाचा म्हणाले, “मंग लिहू.”