चौकटीबाहेर गेलेले पाय

माले गावातल्या आमच्या घरात एका खोलीला खिडकी नाही. खिडकी नको असं मीच गवंड्याला सांगितलं होतं. रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा विकून नवं घर बांधलं तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसातले माझ्याबरोबरचे लोक आपापल्या फ्लॅटमध्ये होम थिएटर करत होते. त्यांच्याकडे जागा नव्हती, माझ्याकडे होती. भिंतींना फोम, त्यावर काळं कापड, खाली जाड गालिचा आणि समोरच्या भिंतीवर दाराएवढा मोठा ओएलईडी टीव्ही. त्या खोलीत बोललेलं भिंतीपर्यंत जातं आणि तिथेच राहतं. टाळी वाजवली तर आपली आपल्यालाच पुरती ऐकू येत नाही. आई पहिल्यांदा आत आली तेव्हा उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "हितं माणूस मेला तरी भायेर कळायचं न्हाई."

मी हसलो होतो.

पुढे जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. मी फारसा बोलणारा माणूस नाही, आणि न बोलण्याचा एक फायदा असा की आपण काय केलं ते आपल्यालाही नीट ऐकावं लागत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्यांचा एकच फोटो आहे, बँकेच्या कामासाठी काढलेल्या छोट्या फोटोवरून मोठा करून घेतलेला, छातीपर्यंतचा. आई रोज अंघोळ झाली की त्याच्यासमोर उभी राहायची आणि दरवेळी तिची पंचाईत व्हायची. आमच्याकडे नवऱ्याच्या पाया पडायची रीत. तो असताना पडायचं, गेल्यावर फोटोच्या पडायचं. पण ह्या फोटोला पायच नव्हते. ती फ्रेमच्या खाली भिंतीला हात लावायची. तिथे रंग काळपट झाला होता.

म्हणून मी माझ्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट शोधून तिची सीडी करून आणली. चांगल्या मनाने आणली, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. आबांचं हलतं-चालतं चित्रण तेवढंच. त्यात ते मांडवाच्या तोंडाशी, पांढऱ्या पायघडीवर उभे आहेत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, फेटा. वहाणा बाजूला काढून ठेवलेल्या. त्यांना वाटलं होतं की फोटो काढतायत, म्हणून श्वास धरून, हात जोडून, ताठ उभे राहिले. पाहुणे पुढून जातायत, धोतराचा सोगा वाऱ्याने हलतोय, आणि आबा मात्र हलत नाहीत. मग कॅमेरावाल्याचा आवाज येतो, "काका, चाला की, व्हिडिओ हाय!" आबा लाजून हसतात आणि चित्राच्या बाहेर निघून जातात.

सीडी लावली. जुनं चित्र जवळपास चौकोनी, टीव्ही आडवा लांब. टीव्हीने ते आपोआप ताणून पडदाभर केलं. आई पाहत राहिली आणि म्हणाली, "ह्यो कोण रं?"

"आबा न्हवं का आये."

"ह्यो तुजा बा? माजा माणूस काटकुळा हुता. ह्यो तर सोसायटीचा चेअरमन दिसतुया."

खरंच तसे दिसत होते. रुंद, बुटके, गाल फुगलेले. मी सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं माप जुन्यासारखं, चार-तीन केलं. आबा बारीक झाले, उंच झाले, आबा झाले. दोन्ही बाजूंना मात्र काळे उभे पट्टे आले. आई पुढे गेली, गुडघे टेकले आणि पडद्याच्या खालच्या कडेला, आबांच्या अनवाणी पायांवर, दोन्ही हात ठेवून डोकं टेकवलं. काचेवर तिच्या कपाळाचं तेल उमटलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, काच पुसायचं कापड कुठे ठेवलंय.

मग हे रोजचं झालं. ती आबा उभे असतात तिथे चित्र थांबवायची आणि बसून राहायची, जेवणही तिथेच. टीव्ही विकत घेताना मी खूप वाचलं होतं. ह्या पडद्यावर तेच चित्र फार वेळ ठेवलं तर ते कायमचं उमटतं. जिथे उजेड जास्त, तिथला पडदा लवकर थकतो आणि पुढे काळपट दिसतो. बाजूचे काळे पट्टे जळत नाहीत, म्हणून ते पुढे उजळ दिसतात. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनची काळजी वाहायचो, आणि घरी मला हा डाग जास्त छळायला लागला. म्हणून मी झूम लावला. पट्टे गेले, पडदा भरला. पण वरचं आणि खालचं कापलं गेलं. वरून फेट्याचा शेंडा गेला, खालून गुडघ्यापासून पुढचं सगळं.

"पाय कुटं गेलं?" आई म्हणाली.

"पडदा खराब होतो आये. असंच बघायचं."

"बिनपायाचं उभं करतोस व्हय बापाला?" ती उठून उभी राहिली होती. "बिनपायाचं काय असतंय ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की रानात कुणी हाक मारली तर आधी पाय बघायचे, पाय नसले तर ते भूत. मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. तिने त्या दिवसापासून पडद्याकडे तोंड करून जेवायचं सोडलं. झूममधल्या आबांकडे ती बघायचीच नाही. तोंड वळवून म्हणायची, "घालव त्याला."

काही महिन्यांनी एका रविवारी मी लवकर बाहेरून आलो, तर चित्र पुन्हा चार-तीनमध्ये थांबवलेलं, आई समोर बसलेली, आणि टीव्हीने आपोआप उजेड कमी केला की रिमोटचं बटण दाबून तो परत वाढवत होती. म्हणजे मी ऑफिसला गेलो की हे रोज चालत असणार. मी ओरडलो. तिच्यावर मी आयुष्यात कधी तसा ओरडलो नव्हतो, आणि त्या खोलीत ओरडलेलं बाहेर जात नाही, त्यामुळे किती ओरडलो ते मलाही कळलं नाही. सीडी काढून घेतली. प्लेअरची वायर काढली. आणि संध्याकाळी तिला सांगितलं, "आये, सीडी खराब झाली. सगळं पुसलं गेलं. आता काय मिळायचं न्हाई."

सीडी माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती.

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. रडली असती तर मी कदाचित बॅग उघडली असती.

त्यानंतर महिना-दोन महिन्यांत बायको एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अहो, आई दुपारी त्या खोलीत जाऊन टीव्ही लावून बसतात. काही लागलेलं नसतं. नुसता करडा पडदा. आणि बोलत असतात."

"काय बोलतात?"

"घरातलंच. भात लावून झाला, म्हैस विकली, असं. मधे थांबतात. म्हणजे कुणीतरी उत्तर देतंय तसं." ती पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, "मला त्या बाजूला जावंसं वाटत नाही हल्ली."

मी रजा टाकून एका दुपारी घरीच थांबलो. श्रावण होता, बाहेर धुकं इतकं खाली आलेलं की अंगणातली तुळस दिसत नव्हती. खोलीचं दार लोटलेलं होतं. मी आत सरकलो. टीव्हीला काही जोडलेलं नसलं की करडा पडदा येतो आणि कोपऱ्यात 'सिग्नल नाही' अशी पाटी. आई गालिच्यावर बसली होती आणि म्हणत होती, "थोरला बोलत न्हाई माज्याशी. तुमी समजावा."

थोरला म्हणजे मी.

मी पडद्याकडे पाहिलं. करडा, रिकामा. मग डोळे अंधाराला सरावले. पडद्याच्या दोन बाजूंना दोन उजळ उभे पट्टे होते, दाराच्या चौकटीसारखे. आणि त्या दारात एक काळा माणूस उभा होता. चेहरा नव्हता. जिथे पांढरं धोतर आणि सदरा होता तिथे काळं होतं. पायांखालची पायघडी काळी पडली होती, आणि त्या काळ्यात दोन पावलं तेवढी उजळ होती, स्वच्छ, बोटांसकट.

मला कारण माहीत होतं. पांढरं जळतं, सावळं कमी जळतं. मी ते मनात म्हणूनही पाहिलं. तरी मी दारापाशीच उभा राहिलो, एक पाऊल पुढे टाकवेना. आईने मान वळवली नाही. म्हणाली, "आलास? पाया पड त्यांच्या."

मी पडलो नाही. बाहेर आलो.

ह्याच्यापुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चार दिवसांनी आई मुठ्याला, माहेरी, भाच्याच्या साखरपुड्याला गेली. ती गेली त्याच दिवशी मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावर उमटलेलं घालवायची क्रिया सुरू केली. टीव्ही बंद होतो, आतल्या आत काहीतरी करत राहतो, बाहेर फक्त एक बारीक लाल दिवा. तासभर मी खोलीबाहेर ओट्यावर बसलो होतो. मी स्वतःला असं सांगितलं की आईचं मन त्यात अडकलंय, हे तिच्यासाठीच चाललंय. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तो काळा माणूस माझ्याकडेच बघतोय असं वाटलं होतं, आणि चेहरा नसलेला माणूस आपल्याकडे बघतोय हे आपल्याला कसं कळतं, ते मला अजून सांगता येत नाही.

तासाने करडा पडदा लावून पाहिला. सगळा एकसारखा. पट्टे गेलेले, तो गेलेला.

आई परत आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि सरळ त्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन मला म्हणाली, "कुटं गेलं?"

"कोण?" मी म्हणालो.

त्यानंतर ती त्या खोलीत गेली नाही, भिंतीवरच्या फोटोसमोरही उभी राहिली नाही. बायको म्हणायला लागली, आई जेवत नाहीत, अर्धी भाकरी म्हशीच्या गव्हाणीत टाकतात. मग आठवलं, म्हैस तर विकलेली. गव्हाण रिकामी होती, भाकरीचे तुकडे तसेच वाळत पडलेले.

ते तुकडे पाहिल्यावर मी बॅगेतून सीडी काढली. तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. सीडी खराब झाली नव्हती, मीच लपवली. पडद्यावरचे आबा मीच पुसले. तिने ऐकून घेतलं. शिवी दिली नाही. म्हणाली, "लाव."

लावली. चार-तीनमध्ये, पट्ट्यांसकट. आबा मांडवात उभे राहिले, पायघडीवर पाय, धोतराचा सोगा हलतोय. मला वाटलं आता ती पुढे जाईल. ती जागची हलली नाही. कॅमेरावाला ओरडला, आबा हसले, निघून गेले.

"ह्यो जातुया," आई म्हणाली. "ह्याला जायाचं असतंय. माजा थांबला हुता. बोललेलं ऐकत हुता." मग माझ्याकडे न बघता, "त्यो परत आण."

मी तिला समजावलं नाही. चित्र आबा उभे आहेत तिथे थांबवलं, पट्टे तसेच ठेवले, उजेड पूर्ण वाढवला आणि पडदा वाचवायच्या सगळ्या सोयी एकेक करून बंद केल्या. आता आठवड्यातले काही दिवस मी घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर तो टीव्ही चालू ठेवता येतो. बायको एकदाच म्हणाली, "अहो, जळेल तो." मी म्हटलं, जळू दे. तिने त्या खोलीचं दार आपल्या बाजूने घट्ट लावून घेतलं.

दुपारी चहा झाला की आई येते. मी प्लेअर बंद करतो, करडा पडदा येतो, आणि आम्ही दोघं गालिच्यावर बसून बघतो. बाजूचे पट्टे थोडे उजळायला लागलेत असं मला वाटतं. चौकट तयार होतेय. मधे अजून कुणी नाही.

"आलं का रं?"

"अजून न्हाई, आये."

"दिसंना मला नीट. तू बघ. पाय बघ आधी."

मी पुढे सरकून, काचेला नाक लागेल इतक्या जवळून, खालची कडा बघतो.

"न्हाई."

"मग लाव परत," ती म्हणते, आणि मी लावतो.