सरकारला न दिसलेलं घर

सरकारपासून घर लपवता येतं. लपवल्यावर पुढं काय होतं, एवढाच विचार आमच्या अण्णांनी आधी केला नव्हता.

अण्णा म्हणजे माझे वडील. पालमच्या पुढं, जिथं एसटी वळून परत फिरते, तिथं आमचं गाव. अण्णा शेती करतात आणि उरलेल्या वेळात संशय घेतात. (पेरणी चुकते कधी कधी, संशयाला खाडा नाही.) घरात माणसं किती, असं कुणी सरकारी माणसानं विचारलं की अण्णा उलट विचारतात, "तुमच्याकडं किती लिवलीत, ते आधी सांगा." गॅसची सबसिडी खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. "ह्यांना माहं खातं घावलं कसं?"

या सगळ्याचं मूळ एका निवडणुकीत आहे. अण्णा एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि एका मतानं पडले. तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे की घरातलंच एक मत फुटलं. घरात काही बिघडलं, दूध नासलं, मोटार जळली, की ते सावकाश मान वळवून आईकडं बघतात. आई भाकरी थापता थापता म्हणते, "मतदान गुप्त असतंय." बास. याच्या पुढं ती कधी गेली नाही आणि अण्णांची त्यापुढची झोपही गेली.

निवडून आलेलं पॅनेल बाळासाहेबांचं होतं. सध्या त्यांच्या पत्नी सरपंच आहेत. खुर्ची वहिनींची आहे, बसतात बाळासाहेब.

राहिले मी. मी परभणीला मामांकडं राहून इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं. शिकून गावी परत आले आणि ऑनलाइन शिकवण्या घेऊ लागले. पडद्यावरच्या मुलांशी मी बोलू शकते, कारण बटण दाबलं की ती गप्प होतात. त्यासाठी अण्णांनी स्लॅबवर मला पत्र्याची एक खोली बांधून दिली. एक खिडकी, एक टेबल, आतून कडी. कुणी माझ्यासाठी केलेली एवढी मोठी गोष्ट दुसरी नाही. फक्त ती खोली कागदावर कुठंच नव्हती. तिच्याखालचा स्लॅबही नव्हता! पंचायतीच्या दप्तरात आमचं घर अजून जुनं माळवद होतं, म्हणजे मातीच्या छपराचं, आणि घरपट्टीही मातीच्याच भावानं येत होती.

अशात एके सकाळी पंचायतीचा भोंगा बोलला. गावठाणाची मोजणी ड्रोननं होणार, प्रत्येकानं आपापल्या जागेची हद्द चुन्यानं आखून ठेवावी.

गावात चुना संपला. जो तो रेघ ओढताना शेजाऱ्याकडं वीतभर सरकत होता. अण्णा मात्र दारात उभे राहून हे सगळं डोळे बारीक करून बघत होते.

"चोर येणार हाय, तर आपणच घराचा नकाशा काढून ठिवायचा? लय भारी!"

"अण्णा," मी म्हणाले, "ते मालकीच्या कार्डासाठी आहे. मी फोनवर वाचलं. करासाठी नाही. कार्ड फुकट मिळतं."

"फुकट?"

"हो."

अण्णांचा चेहराच उतरला. "मंग तर नक्कीच घात हाय."

खरं तर मी तिथंच आणखी चार वाक्यं बोलायला हवी होती. पण अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा सल्ला मागितला. "माय, तू शिकलेली हायस. वरून त्याला काय दिसतंय, सांग."

मी फुलून गेले. "रंग दिसतो," मी म्हणाले. "आणि सावल्या."

पुढचे काही दिवस आम्ही घराचा रंग आणि सावल्या बदलत होतो. माळवदावर घालतात ती पांढरी माती ट्रॉलीनं आली आणि घमेल्या-घमेल्यानं स्लॅबवर गेली. डिशच्या छत्रीवर सूप पालथं पडलं. पाण्याच्या काळ्या टाकीला पोत्यांचा झगा चढला. माळवदाला उजेडासाठी एक भोक ठेवलेलं असतं. ते हवंच, असा अण्णांचा आग्रह. म्हणून मातीच्या मधोमध त्यांनी आईचा तवा पालथा घातला. वरून बघणाऱ्याला काळं गोल भोक!

"आन मी भाकरी कशावर करू?" आई खालून ओरडली. "त्या भोकावर?"

"दोन दिवस कळ काढ!"

"निवडणुकीच्या टायमालाबी असंच म्हणले होते तुमी."

राहिली माझी खोली. तिच्यावर आणि चारी बाजूंनी अण्णांनी कडब्याच्या पेंढ्या रचल्या. बाहेरून बघितलं तर छपरावर कडब्याची गंजी. आत मी, टेबल आणि पुण्या-मुंबईची मुलं. खिडकीत एक फट ठेवली होती, तिच्यातून उजेड कमी आणि कुसळं जास्त यायची.

आणि ड्रोन आलाच नाही! पुढच्या सोमवारी येणार, मग रंगपंचमीनंतर, मग मशीन दुसऱ्या तालुक्यात गेलं. माती वरच राहिली. मधेच अवकाळी पाऊस झाला. कडब्यातली सांडलेली ज्वारी मातीत पडलेली होतीच, ती उगवली. गवतही आलं. आई वर जाऊन बघून आली आणि तिनं एका कोपऱ्यात मेथी टाकली.

मेथीच्या वासानं शेजारच्या शेवंताकाकूंची शेळी जिन्यानं वर यायला लागली. मी 'पास्ट कंटिन्युअस' शिकवत होते आणि एक मुलगा हात वर करून म्हणाला, "मिस, तुमची खिडकी कोणीतरी खातंय."

शेवटी एका सकाळी आभाळात भुंग्यासारखा आवाज आला. सगळं गाव रस्त्यावर येऊन वर बघू लागलं. अण्णांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, मागच्या दारानं आत आले आणि आम्हा दोघींना मधल्या खोलीत बसवलं.

"कुणी हलायचं न्हाई."

"ते वर हाय," आई म्हणाली. "भिंतीतून दिसतंय का त्याला?"

"सरकारचं काय सांगता येतंय?"

आवाज आमच्या घरावर आला आणि थांबला. अण्णांनी माझा हात गच्च धरला. "बग! आपल्यावरच थांबलंय! बाळासाहेबानं पत्ता दिलाय!" तेवढ्यात वरून शेळीचं ओरडणं, खुरांची धावपळ आणि तवा जिन्यावरून खाली येत असल्याचा आवाज, सगळं एकदम ऐकू आलं. आईनं डोळे मिटून घेतले. तव्याची काळजी तिलाच होती.

मग दारावर थाप पडली.

"कुणी आहे का घरात?" मोजणीला आलेल्या मॅडमचा आवाज.

अण्णांनी तोंडावर बोट ठेवलं. शाळेच्या सवयीनं माझ्या ओठांवर "प्रेझेंट, मिस" आलं होतं, ते मी गिळलं. पुढच्या दाराच्या फटीतून मला मॅडमची टोपी आणि हातातलं टॅबलेट दिसत होतं. एक शब्द बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गप्प बसायची संधी आयती चालून आली की ती माझ्याच्यानं सोडवत नाही.

"कुलूप आहे," मॅडम म्हणाल्या. "वर गवत वाढलंय. कोणी राहत नाही वाटतं." आणि पावलं निघून गेली.

अण्णा त्या दिवशी घरभर तरंगत होते. "सरकार आलं, दारातून परत गेलं! ह्याला म्हणतात डोकं!"

हा आनंद ग्रामसभेपर्यंत टिकला. पंचायतीसमोर मंडप होता, भिंतीवर गावाचा भला मोठा नकाशा लावलेला. प्रत्येकाचं घर चौकोनात, नावानिशी. जो तो आपलं घर शोधून बोट ठेवत होता. आम्हीही शोधलं. मारुतीचं देऊळ सापडलं, शेवंताकाकूंचं घर सापडलं, आणि मधे, आमच्या घराच्या जागी, एक रिकामा तुकडा. त्यावर लिहिलं होतं, 'पडकी जागा'.

"हरकत असंल त्यानं आताच बोलावं," बाळासाहेब माईक घेऊन म्हणाले. "नंतर तक्रार चालणार न्हाई. आता ही पडकी जागा बगा. मालक कुणी पुढं आलेला न्हाई. तर सरपंच मॅडमचा असा विचार हाय..." (वहिनी बाजूला शेंगा सोलत होत्या, विचार ऐकून त्यांनीही मान वर केली) "...की इथं गावासाठी सभागृह बांधावं."

टाळ्या पडल्या. सवयीनं शेवंताकाकूंनीही वाजवल्या.

अण्णा ताडकन उठले. "ती पडकी न्हाई! माहं घर हाय ते!"

"अण्णा, तुमचं घर? अरारा! ते जुनं माळवद पडलं का शेवटी? कळवायचं तरी आमाला."

"पडलं न्हाई! पडंल कसं? स्लॅब हाय त्याच्यावर!"

ग्रामसेवक इतका वेळ खाली बघून फोन चाळत होते, त्यांनी फोन खिशात ठेवला.

"स्लॅब?" बाळासाहेबांनी तो शब्द पेढ्यासारखा तोंडात घोळवला. "दप्तरी तर माळवद हाय. चला, बगून तरी घेऊ."

सगळी ग्रामसभा, मोजणीच्या मॅडमसकट, आमच्या घरी निघाली. एवढी माणसं घरी येणार हे कळल्यावर मी नेहमी करते तेच करायचं ठरवलं, म्हणजे खोलीत जाऊन कडी लावायची. पण खोलीच्या जिन्यावर सगळ्यात आधी बाळासाहेब पोचले होते.

अण्णांपुढं आता एकच रस्ता होता. जे घर त्यांनी महिनाभर लपवलं, ते सगळ्यांना पटवून द्यायचं! त्यांनी फावड्यानं माती ओढली आणि खालचा स्लॅब उघडा केला. "बगा मॅडम, सळई बगा कशी घातलीय. नाचा ह्याच्यावर! नाचा की!" कुणी नाचेना म्हणून स्वतः उड्या मारून दाखवल्या. टाकीचा झगा काढला. डिशवरचं सूप काढलं. आपणच खाली नेऊन न्हाणीच्या फरश्या दाखवल्या. मॅडम "बरं, बरं" म्हणत टॅबलेटवर टिपत होत्या. ग्रामसेवक त्यांच्या मागून, त्याहून जास्त मन लावून टिपत होते.

"आणखी काही?" मॅडमनी वर येऊन विचारलं.

अण्णांना त्या क्षणी भान आलं. निदान खोली तरी वाचवावी! "न्हाई, एवढंच. वर नुसती कडब्याची गंजी हाय."

"छपरावर गंजी?" बाळासाहेब म्हणाले. "आग लागली तर सगळी गल्ली जळंल. ए पोरांनो, ओढा रे ती खाली!"

दोघं-तिघं पुढं झाले. एकानं वरच्या पेंढ्या ओढल्या, दुसऱ्यानं हातातला कडबा ओढायचा लोखंडी आकडा सरळ आत खुपसला. तो माझ्या खिडकीतून आत गेला आणि पडद्याला अडकला. आत माझा लॅपटॉप होता, पुस्तकं होती, माझं एकटीचं सगळं जग होतं. अण्णा डोळ्यांनी मला सांगत होते, गप्प. आणि मी, जी दुकानात सुटे पैसेसुद्धा मागत नाही, गावाला ऐकू जाईल अशी किंचाळले,

"ती गंजी नाही! ती माझी खोली आहे!"

आकडा थांबला. शेळी थांबली. खाली गल्लीतून शेवंताकाकू म्हणाल्या, "अगं बया, हिला बोलता येतंय!"

मॅडम हसल्या. "दादा, एवढं घाबरलात कशाला? आम्ही फक्त हद्द आणि मालकी बघतो. कराशी आमचा काही संबंध नाही."

"मॅडमचा न्हाई," ग्रामसेवक पेनचं टोपण लावत म्हणाले. "माझा हाय."

घर आमच्या नावावर लागलं. सभागृह देवळामागं गेलं. तवा सरळ झाला, पण तेव्हापासून भाकरी एका बाजूनं कच्ची राहते. आणि त्या संध्याकाळी कितीतरी वर्षांनी अण्णांनी आईकडं बघणं सोडलं. ते माझ्याकडं बघत होते.

"आता कळालं मला," ते म्हणाले. "तवाबी मत तूच फोडलंस."

"अण्णा, तेव्हा मी नववीत होते! मला मतच नव्हतं!"

"तेच म्हणतोय मी. मत नसताना एवढं केलंस. आता तर तुला मत हाय!"

आईनं आतून भाकरी थापायचा आवाज जरा वाढवला.

चार लोकांत आजवर मी एकच वाक्य बोलले आहे, आणि त्याची घरपट्टी आम्ही दरवर्षी भरतो.