बसल्याशिवाय खुर्ची जात नाही

"मामंजी, नीट बघा. ही खुर्ची द्यायजोगी झालीय का न्हाई?"

"झकास," म्हातारा म्हणाला.

"झकास कशी? मधी झोल पडलाय. मी मुद्दाम पाडलाय. हात लावा, हा इथं."

सुनेनं सासऱ्याचा चालता हात धरून विणीवर ठेवला. बोटं वेतावरून फिरली, भोकांत अडकली, सुटली. म्हाताऱ्याच्या तोंडावर समाधान पसरलं.

"झकास."

तिनं खुर्ची खाटेपासून ओढली आणि भिंतीला लावलेल्या थप्पीजवळ नेऊन आदळली.

अंगावरून वारं गेल्यापासून म्हाताऱ्याकडे हा एकच शब्द उरला होता. औषध पाजलं की झकास, अंथरूण ओलं झालं की झकास, पत्र्यावर मांजरांची जुंपली की झकास. आणि नेमक्या ह्याच शब्दासाठी सुनेनं आपली उमेदीची वर्षं घालवली होती.

घरचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. खरं तर तो नवऱ्यानं शिकायचा. पण ओल्या वेताचा वास आला की त्याला शिंकांवर शिंका. तो ट्रकवर गेला आणि पाहुण्यासारखा अधूनमधून उगवायला लागला. मग म्हाताऱ्यानं सुनेला समोर बसवलं. वेत भिजवायचा, सोलून पट्ट्या काढायच्या, चौकटीच्या भोकांतून आधी उभ्या ओवायच्या, मग आडव्या, मग तिरक्या. बोटं चिरायची. चिंधी गुंडाळून ती पुन्हा बसायची.

खुर्ची पुरी झाली की म्हातारा तिच्यावर बसायचा. अंग सगळं सोडून, डोळे मिटून. बिघडली असली तर उठून मधोमध सुरी घालायचा. जमली असली तर म्हणायचा, "पुढची." बस. चहाला झकास, गिऱ्हाइकाच्या पायातल्या बुटाला झकास, आणि सुनेच्या खुर्चीला पुढची. तो बसल्याशिवाय खुर्ची उंबरा ओलांडत नसे. विणणाऱ्यानं मात्र स्वतः बसायचं नाही. "आपलं बूड आपल्याला फितूर असतं," असं त्याचं म्हणणं.

वारं गेल्यावर थोड्याच दिवसांनी तिनं हातातली खुर्ची सवयीनं त्याला दाखवली, तेव्हा तो शब्द पहिल्यांदा आला. ती मोरीत गेली, तोंडात पदर कोंबला आणि पोटभर रडली. ती खुर्ची तिनं थप्पीत घातली नाही. जुन्या चादरीखाली झाकून वेगळी ठेवली.

संध्याकाळी म्हातारा भिंतीवरच्या पालीलाही तेच म्हणाला.

आज नणंद बापाला बघायला आली तेव्हा तिनं तोंड उघडून विचारलंच, "वहिनी, एकदाचं म्हणाले ना बाबा? मग तोंड का पाडून बसलीस?"

"पालीलाबी म्हणाले, वन्सं."

"मग झालं की! पालीच्या बरोबरीला तरी आलीस." नणंद खो खो हसली. वहिनीचा चेहरा बघून थांबली. "बरं, मी बसून बघते." थप्पीतली एक खुर्ची ओढून बसली. "मऊ आहे गं."

"मऊ असून चालत न्हाई. घट्ट पायजे."

"मग घट्ट आहे, बाई. तुला हवं ते म्हणते, पण ह्या घालव एकदाच्या. खानावळवाला कधीचा बोंबलतोय."

बोंबलत होताच. खुर्च्या त्याच्याच होत्या. दुपारी गाडी आणतो म्हणाला होता. विणलेल्या द्या, नाहीतर नुसत्या चौकटी द्या, दुसरीकडून विणून घेईन. तरी तिचा हात उचलत नव्हता. तिला भीती वेगळीच होती. एवढं विणलं, पण चांगलं कशाला म्हणतात ते तिला कुठं ठाऊक होतं? ते ठाऊक होतं म्हाताऱ्याच्या अंगाला. त्या अंगात काही शिल्लक आहे का बघायला आज सकाळी तिनं ती झोलाची खुर्ची मुद्दाम विणली होती. आता बघून झालं होतं.

नणंद गेली. सुनेनं दार लोटलं. झोलाची खुर्ची समोर घेतली, लुगडं आवरलं आणि बसली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातच्या खुर्चीत. अंग खाली गेलं. झोल असा लागतो तर. मग थप्पीतली पहिली घेतली. अंग सोडलं, डोळे मिटले. वेतानं वजन उचलून धरलं. दुसरी, तिसरी, सगळ्या.

शेवटी चादर काढली.

ह्या खुर्चीत ती जरा दबकतच टेकली. डाव्या अंगाला किंचित खचलं. ती उठली, परत बसली. तेच. बूड फितूर झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हाताऱ्याच्या उशाजवळच्या खिळ्याला टांगलेली सुरी काढली आणि मधोमध घातली. पट्ट्या तडतडत सुटल्या.

"झकास," खाटेवरून आवाज आला.

तिनं वर बघितलं नाही. हलकं वगैरे काही वाटलं नाही. घरातून माणूस गेल्यासारखं वाटलं, आणि गेलेला माणूस तर तिथंच पापण्या मिटमिटत पडला होता.

गाडी आली. खानावळवाल्यानं दार ढकललं.

"झाल्या का?"

"ह्या थप्पीतल्या न्या. दोन राहिल्यात, त्या मागनं."

"म्हाताऱ्यानं बघितल्या?"

"मी बसले."

"बरं," म्हणून तो भराभर खुर्च्या उचलायला लागला. कोण बसलं ह्याचं त्याला काही नव्हतंच. कधीच नव्हतं.

गाडीचा आवाज लांब गेला. तिनं कापलेली चौकट मांडीवर घेतली, टोच्यानं एकेका भोकातला वेताचा तुकडा उकरून काढला, आणि नव्या पट्ट्या भिजायला घातल्या.